लिनक्सवर चार वर्करचा हडूप क्लस्टर: उभारणी आणि कसोटी

हडूप म्हणजे मोठा डेटा अनेक यंत्रांवर वाटून साठवणारी आणि तिथेच त्यावर काम चालवणारी प्रणाली; अशा यंत्रांचा समूह म्हणजे क्लस्टर. हडूप क्लस्टर सुरू करणे फारसे अवघड नाही. सुरू झालेला क्लस्टर खरोखर धडधाकट आहे की नुसता चालतोय, हे ओळखणे अवघड आहे. हडूपची घडणच अशी की तो बिघाड पोटात घालतो. एखादी डिस्क रडतखडत चालत असो किंवा खराब केबलमुळे एखादे यंत्र १०० मेगाबिटवर अडकलेले असो, काम शेवटी पूर्ण होते, फक्त तिप्पट वेळ लागतो. पडद्यावर मात्र सगळे हिरवे दिसते. म्हणून या लेखात एकच शिस्त पाळली आहे: खालचा थर आकड्यांनिशी तपासल्याशिवाय वरचा थर चढवायचा नाही.

कमांड, फाइली आणि सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत द्यायची. लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, हेही लक्षात असू द्या.

यंत्रे किती आणि कशी

उदाहरणासाठी पाच यंत्रे धरू: एक मुख्य, त्याचे नाव एनएन१, आणि चार वर्कर, म्हणजे डेटा साठवणारी आणि कामे करणारी यंत्रे, डीएन१ ते डीएन४. प्रत्येक वर्करला १६ कोअर, ६४ जीबी मेमरी, ४ टीबीच्या चार डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी छोटी डिस्क.

वर्कर तीनच का नकोत? एचडीएफएस, म्हणजे हडूपची फाइल साठवण्याची व्यवस्था, फाइलीचे ब्लॉक नावाचे तुकडे करते आणि प्रत्येक ब्लॉकच्या मुळात तीन प्रती ठेवते. तीनच वर्कर असतील आणि एक पडला, तर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. ब्लॉक अपुऱ्या प्रतींचेच राहतात आणि प्रती आपोआप भरून निघतात की नाही हे तपासताच येत नाही. शिवाय फाइलीत भर घालणाऱ्या किंवा लिहिता लिहिता मध्येच फ्लश करणाऱ्या प्रोग्रामला पडलेल्या डेटानोडच्या (वर्करवर ब्लॉक सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी दुसरा मिळत नाही आणि लिखाण अडते. चौथे यंत्र ही चैन नाही.

जागेचा हिशेब आधीच मांडून ठेवा. ४ यंत्रे × ४ डिस्क × ४ टीबी म्हणजे कच्ची ६४ टीबी. तीन प्रतींनी भागले की २१ टीबी. त्यातला चौथा हिस्सा मधल्या फाइलींसाठी आणि श्वास घ्यायला मोकळा ठेवला की हाती १६ टीबी उरतात. वापरणाऱ्यांना हाच आकडा सांगा, ६४ नव्हे.

डेटाच्या डिस्कवर रेड (अनेक डिस्क जोडून एक करणे) लावू नका. प्रतींचे काम एचडीएफएस स्वतः करते. रेड-० मध्ये एक डिस्क गेली की चारही गेल्या, आणि सगळ्यांचा वेग सर्वात मंद डिस्कइतका होतो. नेमनोडची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी ठेवणाऱ्या मुख्य प्रोग्रामची, गोष्ट उलटी आहे. त्याच्या फाइली गेल्या तर सगळा डेटा असूनही नसल्यासारखा, म्हणून तिथे रेड-१ (दोन डिस्कवर तीच प्रत) हवेच.

नावे आणि घड्याळे

नव्या क्लस्टरच्या तक्रारींचे मूळ फार वेळा /इटीसी/होस्ट्स या फाइलीत सापडते. डेबियन आणि उबुंटू बसवताना या फाइलीत १२७.०.१.१ या पत्त्यासमोर यंत्राचे स्वतःचे नाव लिहिले जाते. मग नेमनोड आपले नाव विचारतो, त्याला १२७.०.१.१ मिळते आणि तो त्याच पत्त्यावर कान लावून बसतो. मुख्य यंत्रावर सगळे ठीक दिसते. वर्करच्या लॉगमध्ये मात्र "रीट्रायिंग कनेक्ट टू सर्व्हर" ही ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. ती १२७.०.१.१ ची ओळ काढा आणि पाचही यंत्रांची खरी आयपी व पूर्ण नावे पाचही ठिकाणी सारखीच लिहा. मग प्रत्येक यंत्रावर

गेटएंट होस्ट्स एनएन१
होस्टनेम -एफ

या दोन्ही कमांड चालवून उत्तर पडताळा. आयपीवरून नाव शोधणेही जमले पाहिजे. ते जमले नाही तर नेमनोड डेटानोडला "डिनाइड कम्युनिकेशन" म्हणत दारातूनच परत पाठवतो.

घड्याळे जुळवण्यासाठी क्रॉनी बसवा आणि क्रॉनीसी ट्रॅकिंग या कमांडने फरक काही मिलिसेकंदांतच आहे ना ते पाहा. वेळ पुढेमागे असेल तर लॉग जुळवणे अशक्य होते, आणि पुढे केर्बेरॉस (ओळख पटवणारी प्रणाली) आणायचे ठरले तर ५ मिनिटांहून जास्त फरक तो मुळात खपवूनच घेत नाही.

लिनक्सची मशागत

व्हीएम.स्वॅपिनेस १ करा. जावाची मेमरी स्वॅपमध्ये गेली की डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मिनिटभर गोठतो आणि तो मेला असा बाकीच्यांचा समज होतो. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नलने मेमरी आपोआप मोठ्या पानांत देण्याची सोय) बंद करा, पण /सिस मधल्या फाइलीत "नेव्हर" लिहून भागत नाही. रीबूट झाले की ते पुसले जाते. ग्रबच्या कर्नल ओळीत घाला. उघड्या फाइलींची मर्यादा निदान ६५५३६ हवी. इथे एक छुपा खड्डा आहे: डीमन सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकामार्फत चालवले तर /इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ वाचलीच जात नाही, युनिट फाइलीत लिमिटनोफाइल वेगळे द्यावे लागते. डीमन चालू झाल्यावर /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स पाहून खात्री करा. कॉन्फिग फाइलीवर विसंबू नका.

डिस्कवर एक्सएफएस किंवा एक्स्ट४ चालते. एक्स्ट४ घेतली तर रूटसाठी राखून ठेवलेली ५ टक्के जागा ट्यून२एफएस -एम ० ने सोडवा. ४ टीबीच्या डिस्कवर ती २०० जीबी भरते. माउंट करताना नोएटाइम द्या आणि एफएसटॅबमध्ये डिस्क युयुआयडीने लिहा, कारण एसडीबी, एसडीसी ही नावे रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

आता थोडे सावकाश वाचा. /डेटा१ ते /डेटा४ हे माउंटबिंदू रूटच्या मालकीचे ठेवा आणि डिस्क माउंट झाल्यावर तिच्या आत डीएन नावाचे उपफोल्डर करून फक्त तेच एचडीएफएस वापरकर्त्याच्या नावे करा. उद्या एखादी डिस्क माउंट झाली नाही, तर डेटानोडला रिकाम्या /डेटा३ मध्ये फोल्डर करता येणार नाही आणि तो तक्रार करेल. सगळेच त्याच्या मालकीचे असेल तर तो निमूटपणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर लिहीत सुटतो आणि ती भरली की यंत्रच आडवे होते.

हडूप येण्याआधीची मोजमापे

डिस्क एकेकटी मोजा:

डीडी इफ=/डेव्ह/झिरो ऑफ=/डेटा१/चाचणी बीएस=१एम काउंट=१०००० ओफ्लॅग=डायरेक्ट

ऑफ पुढे फाइलीचे नाव आहे ना, हे एंटर दाबण्याआधी दोनदा पाहा. तिथे चुकून डिस्कचेच नाव गेले तर डिस्क साफ. ७२०० फेऱ्यांच्या साटा डिस्कने रिकामी असताना दीडशे ते अडीचशे एमबी प्रतिसेकंद वेग द्यावा. सोळा डिस्कपैकी एकच ५०-६० वर असेल तर ती आत्ताच बदला. स्मार्टसीटीएल -ए मध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे शून्य नसतील तरीही तेच. नंतर चारही डिस्क एकाच वेळी मोजा. बेरीज एका डिस्कच्या चौपटीजवळ गेली नाही तर कंट्रोलर कमी पडतोय.

नेटवर्कसाठी आयपर्फ३. एका यंत्रावर आयपर्फ३ -एस, दुसऱ्यावर आयपर्फ३ -सी डीएन१. एक गिगाबिटच्या जाळ्यावर ९४० मेगाबिटच्या आसपास आले म्हणजे ठीक. प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी मोजा, आणि शेवटी चारही वर्कर एकमेकांशी एकाच वेळी बोलत असताना पुन्हा मोजा, कारण मॅपरिड्यूसच्या कामात (आधी तुकड्यांवर मॅप, मग निकाल एकत्र करणारे रिड्यूस) मधल्या शफलमध्ये नेमके तेच होते. स्वस्त स्विच इथेच उघडा पडतो. ईथटूलमध्ये स्पीड १०० दिसले तर आधी केबल बदला.

जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी नेटवर्क पाकिटे) वापरत असाल तर ही चाचणी चुकवू नका:

पिंग -एम डू -एस ८९७२ डीएन२

९००० मधून २८ बाइट हेडरचे वजा केले की ८९७२ उरतात. हा पिंग अडला तर वाटेत कुठेतरी एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) लहान आहे. याची लक्षणे फसवी असतात: एसएसएच लागते, साधा पिंग जातो, हार्टबीट (मी जिवंत आहे असा छोटा निरोप) पोहोचते, पण मोठा ब्लॉक पाठवला की जोडणी लटकून राहते.

हे सगळे आकडे एका तक्त्यात लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहेत.

हडूप बसवणे

हडूप ३.३.६ धरू. जावा ८ किंवा ११ घ्या, आणि पाचही यंत्रांवर एकच. जावा १७ वर ३.३ मालिका अडखळते: नव्या जावाने आतले वर्ग बाहेरच्यांना बंद केले आहेत आणि लॉगमध्ये "इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट" ची ओरड दिसते. टारबॉल (हडूपची संग्रह फाइल) उतरवल्यावर एसएचए५१२सम जुळवा, /ऑप्ट मध्ये उघडा आणि /ऑप्ट/हडूप ही सिमलिंक त्याकडे वळवा. पुढे आवृत्ती बदलताना फक्त लिंक बदलावी लागेल. आर्म प्रोसेसर असेल तर त्याचा टारबॉल वेगळा असतो.

एचडीएफएस, यार्न (कामांना मेमरी आणि कोअर वाटणारा हडूपचा भाग) आणि मॅपरेड असे तीन वापरकर्ते करा, तिघेही हडूप गटात. रूटने चालवायचा मोह टाळा; हडूप ३ च्या स्टार्ट स्क्रिप्ट तसे करू देत नाहीत आणि इंटरनेटवरचा तोडगा म्हणजे नेमका तोच अडसर काढून टाकणे. एनएन१ वरून चारही वर्करवर विनापासवर्ड एसएसएच फक्त या स्क्रिप्टसाठी लागते, डीमन आपसांत एसएसएचने बोलत नाहीत.

हडूप-एन्व्ह.एसएच मध्ये तीन ओळी लिहायच्याच. पहिली जावा_होम. ती प्रोफाइलमध्ये असून उपयोग नाही, कारण स्क्रिप्ट एसएसएचने कमांड चालवते तेव्हा लॉगिन शेल नसतो आणि प्रोफाइल वाचले जात नाही. दुसरी हडूप_लॉग_डिर, तिघांनाही लिहिता येईल असे फोल्डर. तिसरी हडूप_पीआयडी_डिर. ही सहसा विसरली जाते. मुळात पीआयडी फाइली /टीएमपी मध्ये जातात, काही दिवसांनी साफसफाई करणारी सेवा त्या उडवते, आणि मग बंद करायला गेलात की स्क्रिप्ट सांगते की बंद करण्यासारखे काही चालूच नाही. डीमन मात्र मजेत चालू असतो.

आता पाच कॉन्फिग फाइली. कोअर-साइट मध्ये:

एफएस.डिफॉल्टएफएस = एचडीएफएस://एनएन१:८०२०
हडूप.टीएमपी.डिर = /व्हार/लिब/हडूप/टीएमपी

दुसरी ओळ गाळली तर हडूप /टीएमपी वापरतो. एचडीएफएस-साइट मध्ये:

डीएफएस.नेमनोड.नेम.डिर = /एनएन/अ,/एनएन/ब
डीएफएस.डेटानोड.डेटा.डिर = /डेटा१/डीएन,/डेटा२/डीएन,/डेटा३/डीएन,/डेटा४/डीएन
डीएफएस.रेप्लिकेशन = ३
डीएफएस.डेटानोड.फेल्ड.व्हॉल्यूम्स.टॉलरेटेड = १
डीएफएस.डेटानोड.डीयू.रिझर्व्ह्ड = ५३६८७०९१२००

नेमनोडने फाइलीची यादी लिहायची दोन फोल्डर वेगवेगळ्या डिस्कवर असू द्या. इथली अ आणि ब ही फक्त नमुन्याची नावे आहेत. चौथी ओळ मुळात शून्य असते, म्हणजे चारपैकी एक डिस्क गेली तरी पूर्ण डेटानोड बंद पडतो. पाचवी प्रत्येक डिस्कवर ५० जीबी मोकळे राखते. आकडा बाइटमध्ये आहे.

यार्न-साइट मध्ये:

यार्न.रिसोर्समॅनेजर.होस्टनेम = एनएन१
यार्न.नोडमॅनेजर.ऑक्स-सर्व्हिसेस = मॅपरिड्यूस_शफल
यार्न.नोडमॅनेजर.रिसोर्स.मेमरी-एमबी = ५३२४८
यार्न.नोडमॅनेजर.रिसोर्स.सीपीयू-व्हीकोअर्स = १४
यार्न.नोडमॅनेजर.लोकल-डिर्स = /डेटा१/यार्न,/डेटा२/यार्न,/डेटा३/यार्न,/डेटा४/यार्न
यार्न.लॉग-अ‍ॅग्रिगेशन-एनेबल = ट्रू
यार्न.नोडमॅनेजर.रिमोट-अ‍ॅप-लॉग-डिर = /अ‍ॅप-लॉग्स

ऑक्स-सर्व्हिसेसच्या मूल्यात मधे अधोरेषा आहे. फार जुन्या लेखांत तिथे टिंब दिसेल, ते आता चालत नाही. मेमरीचा हिशेब असा: ६४ जीबीतून ऑपरेटिंग सिस्टिम, तिची पेज कॅश आणि दोन डीमन यांना मिळून १२ सोडले, उरले ५२ जीबी, म्हणजे ५३२४८ एमबी. लिहिले नाही तर यार्न ८१९२ धरतो आणि त्या ५२ पैकी ४४ जीबी नुसते पडून राहतात. एका कंटेनरला (कामाच्या एका तुकड्याला दिलेल्या मेमरी-कोअरच्या वाट्याला) जास्तीत जास्त किती मिळेल याची मर्यादाही मुळात ८१९२ आहे, मोठी कामे असतील तर तीही वाढवा. लोकल-डिर्ससाठीही /डेटा१ ते /डेटा४ मध्ये यार्नच्या मालकीचे उपफोल्डर आधी करून ठेवा.

कपॅसिटी-शेड्युलर मध्ये दोन बदल. टारबॉलसोबत येणारा डिफॉल्ट रिसोर्स कॅल्क्युलेटर फक्त मेमरी मोजतो, कोअर मोजतच नाही. २ जीबीचे २६ कंटेनर १६ कोअरवर लादले जातात. त्या जागी डॉमिनंट रिसोर्स कॅल्क्युलेटर लिहा. आणि मॅक्सिमम-एएम-रिसोर्स-पर्सेंट (कामांच्या समन्वयक प्रोग्रामना मिळणारा वाटा) ०.१ वरून ०.३ करा, नाहीतर लहान क्लस्टरवर दोन-चार कामांनंतरची कामे "अ‍ॅक्सेप्टेड" वरच ताटकळतात.

मॅपरेड-साइट मध्ये फ्रेमवर्कचे नाव यार्न द्या. मॅपला २०४८ एमबी आणि जावाला -एक्सएमएक्स१६३८एम, रिड्यूसला ४०९६ आणि -एक्सएमएक्स३२७६एम. जावाची हीप मेमरी कंटेनरच्या ८० टक्के, बाकीची जागा जावाच्या स्वतःच्या उठाठेवीसाठी. दोन्ही सारखे ठेवले तर यार्न कंटेनर मारत राहतो. यार्न.अ‍ॅप.मॅपरिड्यूस.एएम.एन्व्ह, मॅपरिड्यूस.मॅप.एन्व्ह आणि मॅपरिड्यूस.रिड्यूस.एन्व्ह या तिन्हींत हडूप_मॅपरेड_होम=/ऑप्ट/हडूप लिहा. हे राहिले की पहिलेच काम "एमआरअ‍ॅपमास्टर सापडत नाही" म्हणून पडते. स्टेजिंग-डिर /युजर करा, आणि जॉब हिस्टरीची दोन फोल्डर /एमआर-हिस्टरी/टीएमपी आणि /एमआर-हिस्टरी/डन अशी स्पष्ट नेमा.

वर्कर्स या फाइलीत डीएन१ ते डीएन४, एका ओळीत एक. हडूप २ मध्ये या फाइलीचे नाव वेगळे होते. हडूपचे सगळे फोल्डर आरसिंकने पाचही यंत्रांवर पाठवा; यंत्रागणिक हाताने बदल करू नका, चार आठवड्यांनी कोणते कुठे बदलले ते कोणालाच आठवत नाही.

पहिली सुरुवात

एचडीएफएस वापरकर्ता होऊन, एनएन१ वर, एकदाच:

एचडीएफएस नेमनोड -फॉरमॅट

"एकदाच" हा शब्द महत्त्वाचा. काही बिनसले की पुन्हा फॉरमॅट करणे ही सर्रास सवय आहे आणि ती दुसरी अडचण ओढवून आणते: प्रत्येक फॉरमॅटला नवा क्लस्टर क्रमांक तयार होतो, वर्करकडे जुनाच असतो, आणि डेटानोड "इनकंपॅटिबल क्लस्टरआयडीज" म्हणत बंद पडतात. क्लस्टर अगदीच रिकामा असेल तर /डेटा१/डीएन पासून चारही फोल्डर रिकामी करून पुन्हा सुरू करा. त्यात डेटा असेल तर फॉरमॅटला हातच लावायचा नाही.

पहिल्या वेळी स्टार्ट-डीएफएस.एसएच न वापरता एकेक डीमन हाताने उठवा:

एचडीएफएस --डीमन स्टार्ट नेमनोड

आणि दुसऱ्या खिडकीत त्याचा लॉग टेल -एफ ने उघडा ठेवा. मग एका वर्करवर डेटानोड. तो नोंदला गेला की बाकीचे तीन. सेकंडरी नेमनोड डीएन१ वर ठेवा आणि त्यासाठी डीएफएस.नेमनोड.सेकंडरी.एचटीटीपी-अ‍ॅड्रेस मध्ये डीएन१:९८६८ लिहा. त्याच्या नावाला भुलू नका. तो राखीव नेमनोड नाही, बदलांची नोंदवही मूळ यादीत मिसळून देणारा कारकून आहे. मुख्य पडला तर तो त्याची जागा घेत नाही.

एचडीएफएस डीएफएसअ‍ॅडमिन -रिपोर्ट

यात चार जिवंत डेटानोड आणि प्रत्येकाची क्षमता चौदाच्या थोडी वर दिसायला हवी. १६ का नाही? डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात, हडूप १०२४ च्या पटीने, आणि राखून ठेवलेले ५० जीबी त्यातून वजा होतात. एखाद्या यंत्राला साडेदहा दिसले तर त्याची एक डिस्क माउंट झालेली नाही. ब्राउझरमध्ये हेच एनएन१:९८७० वर दिसते. जुन्या लेखांतले ५००७० शोधत बसू नका.

यार्न उठवण्याआधी एचडीएफएसवर फोल्डर करा: /टीएमपी आणि /अ‍ॅप-लॉग्स १७७७ परवान्यासह, दुसरे यार्न:हडूपच्या मालकीचे, /एमआर-हिस्टरी आणि त्यातली दोन्ही मॅपरेडच्या मालकीची, त्यातले टीएमपी १७७७, आणि प्रत्येक माणसासाठी /युजर/त्याचे-नाव. हा टप्पा वगळला की "परमिशन डिनाइड, आयनोड=/" येते, आणि वैतागून परवानग्याच बंद करून टाकल्या जातात. मग एनएन१ वर रिसोर्समॅनेजर (यार्नचा मुख्य वाटपकर्ता), प्रत्येक वर्करवर नोडमॅनेजर (तिथले कंटेनर चालवणारा) आणि हिस्टरी सर्व्हर (संपलेल्या कामांची नोंद ठेवणारा) उठवा. यार्न नोड -लिस्ट मध्ये चार नोड "रनिंग" दिसले पाहिजेत. मुख्य पान ८०८८ वर, हिस्टरी १९८८८ वर.

पोर्टांचे बोलायचे तर, ही सगळी बाहेरच्या जगाला बंद ठेवा. मुळातल्या सेटिंगमध्ये हडूप समोरचा सांगेल ते नाव खरे मानतो. हडूप_युजर_नेम या चलात "एचडीएफएस" लिहिले की कोणीही सर्वाधिकारी. इंटरनेटवर उघडा राहिलेला ८०८८ क्रिप्टो नाणी खणणारे प्रोग्राम आपोआप शोधून काढतात.

कसोटी: आधी बरोबर, मग वेगवान

एक लहान काम टाका, पाय (π) या संख्येची किंमत काढण्याचे:

हडूप जार हडूप-मॅपरिड्यूस-एक्झाम्पल्स-३.३.६.जार पाय १६ १०००

पायची किंमत इथे बिनमहत्त्वाची. काम सर्व वर्करवर पसरले का, संपल्यावर यार्न लॉग्सने लॉग मिळतो का आणि हिस्टरीत नोंद दिसते का, हे तिन्ही पाहा. काम "अ‍ॅक्सेप्टेड" वरच अडले तर ८०८८ वर नोड "अनहेल्दी" आहेत का बघा. कोणतीही डिस्क ९० टक्क्यांवर भरली की नोडमॅनेजर ती वापरणे थांबवतो, आणि लोकल-डिर्स चुकून रूट डिस्कवर असतील तर हे पहिल्याच मोठ्या कामात घडते.

आता टेस्टडीएफएसआयओ, म्हणजे एचडीएफएसचा लिहिण्या-वाचण्याचा वेग मोजणारी चाचणी. ते क्लायंट-जॉबक्लायंटच्या टेस्ट्स जारमध्ये आहे:

टेस्टडीएफएसआयओ -राइट -एनआरफाइल्स १६ -साइझ १०जीबी

१६ फाइली × १० जीबी × ३ प्रती म्हणजे डिस्कवर ४८० जीबी. चारही यंत्रांची मेमरी मिळून २५६ जीबी, म्हणजे सगळे कॅशमध्ये मावणार नाही. याहून लहान चाचणी तुमच्या मेमरीचा वेग मोजते, डिस्कचा नाही. वाचनाची चाचणी -रीडने घ्या, पण आधी प्रत्येक यंत्रावर सिंक करून ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा.

निकालातला थ्रूपुट हा एका मॅपचा सरासरी वेग असतो. एकाच वेळी चालणाऱ्या मॅपच्या संख्येने गुणले की क्लस्टरचा अंदाज मिळतो. तो किती यायला हवा, याचे गणित आपल्या तक्त्यातून मांडता येते. डिस्क प्रत्येकी १५० देत असतील तर १६ डिस्कचे २४०० एमबी प्रतिसेकंद. प्रत्येक बाइट तीनदा लिहिला जातो, म्हणून कमाल ८००. नेटवर्कची बाजू: पहिली प्रत त्याच यंत्रावर पडते, उरलेल्या दोन तारेवरून जातात. एक गिगाबिटवर प्रत्येक यंत्र सेकंदाला सुमारे ११७ एमबी घेऊ शकते, चार यंत्रे ४६८, दोनाने भागले की २३४. म्हणजे एक गिगाबिटच्या जाळ्यावर कमाल २३४, प्रत्येक मॅपला जेमतेम १५. आणि डिस्क सुमारे सत्तर टक्के वेळ रिकाम्या. दहा गिगाबिटवर हीच मर्यादा २३४० वर जाते आणि अडसर डिस्कचा होतो, मॅपमागे ५०. मोजलेला आकडा या कमालीच्या ७० टक्क्यांपुढे असेल तर समाधान माना. निम्म्याहून कमी असेल तर सेटिंग चाळवत बसण्याआधी आयओस्टॅट -एक्स ५ चारही यंत्रांवर लावा आणि बाकीच्यांपेक्षा वेगळी वागणारी डिस्क शोधा. निकालातले स्टँडर्ड डेव्हिएशन मोठे असणे हे त्याचेच लक्षण.

शेवटी टेरासॉर्ट, म्हणजे मोठा डेटा क्रमाने लावण्याची कसोटी, कारण तो डिस्क, जाळे, प्रोसेसर आणि शफल सगळ्यांना एकदम ताण देतो. त्यासाठी डेटा बनवणाऱ्या टेराजेनची एक ओळ १०० बाइटची, म्हणून १०० जीबीसाठी १००००००००० ओळी:

टेराजेन -डीमॅपरिड्यूस.जॉब.मॅप्स=१६ १००००००००० /कसोटी/आत
टेरासॉर्ट -डीमॅपरिड्यूस.जॉब.रिड्यूसेस=१६ /कसोटी/आत /कसोटी/बाहेर
टेराव्हॅलिडेट /कसोटी/बाहेर /कसोटी/निकाल

रिड्यूसची संख्या दिली नाही तर एकच रिड्यूसर सगळा डेटा गिळतो आणि तासन्‌तास ९९ टक्क्यांवर बसतो. टेराव्हॅलिडेटच्या निकालात फक्त चेकसम असावा. चुकीची नोंद असेल तर कुठेतरी डेटा बिघडतोय. टेरासॉर्ट आपल्या निकालाची मुळात एकच प्रत लिहितो, त्यामुळे त्याचा लिहिण्याचा वेग टेस्टडीएफएसआयओशी ताडून पाहू नका.

मुद्दाम मोडणे

क्लस्टर वापरणाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी तो स्वतः मोडून पाहायचा. टेरासॉर्ट पुन्हा चालू करा आणि अर्ध्यावर डीएन३ वरचा डेटानोड व नोडमॅनेजर किल -९ ने मारा. काम मंदावेल, काही कंटेनर दुसरीकडे पुन्हा चालतील, पण शेवट गाठला पाहिजे. टेराजेनचा डेटा तीन प्रतींत असल्यामुळे हे जमते. टेरासॉर्टच्या एकाच प्रतीच्या निकालातला डीएन३ वरचा भाग मात्र तो परत येईपर्यंत गायब दिसेल, तो बिघाड नव्हे.

डेटानोड मेल्याचे नेमनोड लगेच मान्य करत नाही. हार्टबीट ३ सेकंदांनी येते, पण मेला असे ठरवायला १० मिनिटे ३० सेकंद लागतात: ५ मिनिटांच्या तपासणीचे दोन फेरे आणि १० हार्टबीट. तोपर्यंत अपुऱ्या प्रतींचा आकडा हलत नाही म्हणून घाबरू नका. त्यानंतर

एचडीएफएस एफएससीके /

मध्ये अपुऱ्या प्रतींचे ब्लॉक वाढून मग हळूहळू शून्याकडे जाताना दिसतील. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. खऱ्या डेटावर तो त्याच प्रमाणात वाढेल. डीएन३ परत उठवा, जादा झालेल्या प्रती नेमनोड आपसूक पुसतो.

मग एका वर्करवरची एकच डिस्क यूमाउंट -एल ने काढा. डेटानोड तीन डिस्कवर तगून राहायला हवा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर एकही ब्लॉक पडता कामा नये. दोन्हींपैकी काही चुकले तर वरच्या माउंटबिंदूच्या परिच्छेदाकडे परत जा.

नेमनोड बंद करून सुरू करा. तो सेफ मोडमध्ये (तोवर फक्त वाचन, लिखाण बंद) उठतो, ९९.९ टक्के ब्लॉकची हजेरी लागली की आणखी ३० सेकंद थांबून बाहेर येतो. डीएफएसअ‍ॅडमिन -सेफमोड लीव्ह देऊन त्याला बाहेर ढकलू नका. तो अडला असेल तर ब्लॉक खरोखर गायब आहेत, आणि आधी डेटानोड शोधायचे. याच वेळी डीएफएसअ‍ॅडमिन -फेचइमेजने नेमनोडची यादी दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या आणि रोज तशी घेण्याची क्रॉन नोंद करा. एकच नेमनोड असलेल्या क्लस्टरमध्ये तेवढाच आधार आहे. दोन नेमनोडची रचना करायची तर बदलांची नोंदवही सांभाळणारे किमान तीन जर्नलनोड लागतात, आणि एकाची जागा दुसऱ्याने आपोआप घ्यायची तर झूकीपर ही समन्वय-सेवाही.

सर्वात शेवटी पाचही यंत्रे एकदम रीबूट करा, कीबोर्डला हात न लावता. दहा मिनिटांनी डिस्क माउंट, ह्यूज पेज बंद, फाइलींची मर्यादा जागेवर, चार डेटानोड आणि चार नोडमॅनेजर जिवंत, आणि पायचे काम पूर्ण. यातले काहीही हाताने दुरुस्त करावे लागले तर ते युनिट फाइलीत किंवा एफएसटॅबमध्ये उतरवा, पुन्हा रीबूट करा, आणि मगच /कसोटी फोल्डर -स्किपट्रॅश देऊन पुसा. नाहीतर ट्रॅश चालू असलेल्या क्लस्टरवर ते शेकडो जीबी तिथेच पडून राहतात.